बिरसीची धावपट्टी वाचताना

रसग्रहण कवितेचं होतं, बंदिशीचं होतं, वेरूळच्या लेण्याचंही होतं. डांबराच्या सरळसोट पट्ट्याचं कुणी करत नाही. पण ज्या गोष्टीला आशय आहे, रचना आहे, काळाची खूण आहे, तिचं रसग्रहण व्हायला हरकत नसावी. महाराष्ट्रातली एक धावपट्टी या कसोटीला पुरेपूर उतरते. ती गोंदिया जिल्ह्यातल्या बिरसीची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० च्या सुमारास, इंग्रज सरकारनं ती बांधली. आज तिच्यावर दिवसभर शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं उतरतात आणि टेकताक्षणी पुन्हा उडतात.

नांदेड-लातूरच्या वाचकाला बिरसी दूरची वाटेल. आपल्याकडच्या दोन्ही धावपट्ट्या शांततेच्या काळातल्या. नांदेडची १९५८ सालची, लातूरची १९९१ ची, आणि दोन्ही सार्वजनिक बांधकाम खात्यानं बांधलेल्या. युद्धाचा आणि त्यांचा संबंध आला नाही. तरीही बिरसी नीट वाचली, तर नांदेड-लातूरच्या धावपट्ट्यांकडे काय मागावं हे अधिक नेमकं कळतं. म्हणून हा खटाटोप.

आधी कर्ता, मग काळ, मग कृती अशी रसग्रहणाची रुळलेली वाट. युद्धातल्या धावपट्ट्यांना कर्त्याचं नाव नसतं. आराखड्यावर खात्याचा शिक्का असतो. उन्हात खडी फोडणाऱ्या आणि घमेल्यानं माती वाहणाऱ्या बायामाणसांची नोंद कुणी ठेवत नाही. त्या वर्षांत हिंदुस्थानात उभ्या राहिलेल्या कितीतरी धावपट्ट्या अशा हातांनीच घडल्या. यंत्रं थोडी होती आणि वेळ त्याहून थोडा. त्यामुळे या कृतीत अलंकार शोधायला जाऊ नये. कमान नाही, कळस नाही, कोनशिलेचा थाट नाही. जे आहे ते गरजेपुरतं.

काळ मात्र ठसठशीत वाचता येतो. गोंदिया तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या भंडारा जिल्ह्यात होतं. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचं जंक्शन, तिथून जबलपूरकडे जाणारी नॅरोगेज, आणि चहूकडे धानाची शेतं. नकाशात पाहिलं तर नागपूर आणि रायपूर यांच्या दरम्यान ही जागा येते. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला, मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि एप्रिलमध्ये विशाखापट्टणम व काकीनाड्यावर बॉम्ब पडले. तोवर युद्ध म्हणजे युरोप आणि आफ्रिकेतल्या बातम्या होत्या. आता देशाचा मध्यभागही आघाडीची पिछाडी झाला. सरकारनं देशभर दोनशेहून अधिक धावपट्ट्यांचा आराखडा हाती घेतला. बिरसी त्याच कुळातली, वयानं जराशी थोरली.

आता कृती. पहिलं सौंदर्यस्थळ आहे जागेची निवड. आजची २,३०० मीटर लांबी नंतरच्या बांधकामाची आहे. पण एवढी लांबी पुढे सामावू शकेल अशी सपाट, मोकळी, शहराबाहेरची जागा निवडली ती युद्धाच्या निकडीनं. युद्धात धावपट्टीवर येणारा वैमानिक कसा असतो? मुलूख त्याच्या ओळखीचा नसतो. तो थकलेला असतो, इंधनाचा काटा खाली आलेला असतो, कधी विमानाला इजा झालेली असते. अशा माणसासाठी जागा शोधताना एकच विचार करावा लागतो: याचा अंदाज थोडा चुकला तरी हा वाचला पाहिजे. डोंगर लांब हवा, पट्टी ऐसपैस हवी, दोन्ही टोकांना मोकळं रान हवं.

आता शिकाऊ वैमानिकाचं वर्णन करून पाहा. मुलूख त्याच्याही ओळखीचा नसतो, घामानं तोही भिजलेला असतो आणि अंदाज तर त्याचा हमखास चुकतो. लढाईसाठी शोधलेली जागा शिकण्याला एवढी चपखल बसावी हा निव्वळ योगायोग नाही. दोन्हींना चुकायला जागा लागते. बिरसीचा आशय मला इथे सापडतो, आणि बाकीची रचना त्याला जोडून वाचता येते.

दुसरं सौंदर्यस्थळ दिशेचं. धावपट्टीच्या दोन टोकांवर पांढऱ्या रंगात ०४ आणि २२ असे आकडे आहेत. चुंबकीय उत्तरेपासून मोजलेल्या अंशांतलं शेवटचं शून्य गाळलं की हे आकडे मिळतात. एका बाजूनं धावलं तर तोंड ४० अंशांकडे, म्हणजे ईशान्येला. उलट धावलं तर २२० अंशांकडे, म्हणजे नैर्ऋत्येला. विमानाला उडताना आणि उतरताना वारा समोरून लागतो, कारण त्यानं जमिनीवरचा वेग कमी होतो आणि कमी अंतरात काम भागतं. नैर्ऋत्य आणि ईशान्य या दोन दिशा आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. पावसाळी वारे पहिलीकडून येतात, हिवाळी वारे दुसरीकडून. ढोबळमानानं पाहिलं तर वर्षाचे दोन मोठे ऋतू या पट्टीनं आपल्या दोन टोकांत वाटून घेतले आहेत. नांदेडच्या धावपट्टीचे आकडे १० आणि २८ आहेत, म्हणजे ती जवळपास पूर्व-पश्चिम पडते. आकडे वाचता आले की प्रत्येक धावपट्टी आपल्या वाऱ्याबद्दल बोलू लागते.

गोंदिया-बालाघाटच्या धानशेतात सारस पक्षी राहतो. उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात उंच, जवळजवळ माणसाएवढा. त्याला जागच्या जागी झेप घेता येत नाही. वाऱ्याकडे तोंड करून चार-सहा ढांगा धावल्याखेरीज ते अंग हवेत उचलत नाही. या मुलखात वाऱ्यात धावून उडण्याचा रिवाज धावपट्टीहून फार जुना आहे.

तिसरं सौंदर्यस्थळ लयीचं, आणि त्यासाठी सर्किट समजून घ्यायला हवं. नवशिक्याचं बहुतेक शिक्षण धावपट्टीभोवतीच्या एका लांबट चौकोनात होतं. विमान उडतं, साधारण हजार फुटांवर चढतं, काटकोनात वळतं, पुन्हा वळून धावपट्टीला समांतर उलट दिशेनं जातं. या बाजूला डाउनविंड म्हणतात. मग बेस ही आडवी बाजू, मग फायनल ही शेवटची सरळ उतरण, आणि समोर पट्टी. चाकं टेकली की थांबायचं नाही. फ्लॅप वर, पॉवर पूर्ण, आणि परत वर. हे टच अँड गो. एक फेरी सहा-सात मिनिटांची. तासाभरात तीच कडवी आठ-दहा वेळा म्हटली जातात आणि दर वेळी समेवर येण्याची धडपड तीच.

ही सम अगदी जवळून पाहण्यासारखी असते. बिरसीच्या राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेकडे डायमंड कंपनीची डीए-४० ही विमानं आहेत. काचतंतूचं गुळगुळीत अंग, एक इंजिन, वर पारदर्शक छत, शेपटीचा आकार इंग्रजी टी अक्षराचा, आणि पंखांचा पसारा जेमतेम १२ मीटर. ४५ मीटर रुंदीच्या धावपट्टीच्या तोंडाशी बारा पांढरे पट्टे असतात. पट्टे मोजले की रुंदी कळते. फायनलवर आलेल्या मुलाला हे पट्टे आधी काडीएवढे दिसतात, मग फूटपट्टीएवढे, मग एकदम अंगावर येतात. वेग ताशी सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. शेवटच्या वीस फुटांत नजर पट्ट्यांवरून उचलून पार दुसऱ्या टोकाला न्यायची, पॉवर हलकेच काढायची, नाक थोडं वर धरायचं आणि विमानाला आपणहून बसू द्यायचं. सांगायला एका ओळीचं काम. नाक लवकर उचललं तर विमान पुन्हा वर तरंगतं. उशीर झाला तर चाकं आपटतात आणि विमान उसळतं. त्याला बाऊन्स म्हणतात. शेजारच्या सीटवरचे सर हात मांडीवर ठेवून बसलेले असतात. ते हात केव्हा पुढे येतात यावर मुलाला आपली प्रगती कळते. बिनसलंच तर गो अराउंड म्हणायचं, पॉवर द्यायची आणि नवी फेरी धरायची. त्यात कमीपणा नाही. वेळेवर गो अराउंड घेणारा शहाणा, ही शिकवण इथे पहिल्यापासून देतात.

अशा विमानाला जमिनीवरून सुटायला साधारण साडेतीनशे मीटर पुरतात. पुढे दोन हजार मीटर नुसते पडलेले असतात. वाहतुकीच्या हिशेबात हा अपव्यय. शिकणाऱ्याच्या हिशेबात ही दोन हजार मीटरची माफी. सुरुवातीला बाऊन्स झाला, मध्ये सावरलं, शेवटी टेकलं, तरी पट्टी अजून उरलेलीच. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला किमान २०० तास उड्डाण लागतं. त्या २०० तासांच्या पोटात अशा किती माफ्या दडलेल्या असतात हे प्रवासी म्हणून आपल्याला कधी कळत नाही.

युद्ध संपल्यावर या कृतीत एक लांबलचक विराम येतो. इंग्रज गेले, भाषावार प्रांत झाले, धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दप्तरात राहिली. ऑगस्ट १९९८ मध्ये ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आली. डिसेंबर २००५ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणानं ताबा घेतला. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल तेव्हा केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री होते आणि इथल्या विस्तारामागचं बळ त्यांचंच, हे जिल्ह्यात सगळे जाणतात. प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून प्रशिक्षण संस्था काढली. पुढे उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीही इथे विमानं आणू लागली, कारण तिकडच्या हिवाळी धुक्यात दिवसच्या दिवस उड्डाण बंद पडतं. मार्च २०२२ मध्ये प्रवासी विमान आलं. डिसेंबर २०२३ पासून हैदराबादमार्गे तिरुपतीची सेवा सुरू झाली. पण पट्टीचा दिवस भरतो तो मुलांच्या फेऱ्यांनी.

युद्धानंतर धावपट्ट्यांचं काय होतं याची उदाहरणं जगभर आहेत. इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन ही बॉम्बफेकी विमानांच्या प्रशिक्षणाची जागा होती. १९४८ पासून तिथे मोटारशर्यती होतात. थ्रक्सटनमध्ये शर्यतीचा मार्गही आहे आणि छोट्या विमानांचा क्लबही. कितीक पट्ट्या नांगराखाली गेल्या. आपल्या जुहूची गोष्ट उलट क्रमानं घडली. १९२८ ची ती मुलकी धावपट्टी, बॉम्बे फ्लाइंग क्लबचं घर. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. पावसाळ्यात तिथे इतका चिखल व्हायचा की टाटांची सेवा पुण्याला हलायची. युद्धात लष्कर आलं, युद्धानंतर मोठी विमानं सांताक्रूझला गेली आणि जुहू हेलिकॉप्टरं व छोट्या विमानांची उरली. जुहूला इतिहास आहे, पण भोवतीच्या इमारतींनी तिची मोकळीक खाल्ली. बिरसीजवळ ती अजून आहे.

मराठवाड्याला सगळ्यात जवळची अशी कथा बीदरची. उदगीर ओलांडून सीमेपलीकडे गेलं की हा जिल्हा लागतो. भालकी, औराद, बसवकल्याणच्या अनेक घरांत आजही मराठी बोलली जाते. नांदेड, लातूर आणि बीदर तेव्हा एकाच निजामी राज्यात होते. १९४८ मध्ये सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकेस्ट्रियन विमानांतून निजामासाठी चोरून शस्त्रं आणत होता, आणि ती विमानं जिथे उतरत होती त्यांत बीदरची धावपट्टी होती. सप्टेंबरमधल्या निजामाविरुद्धच्या पोलीस कारवाईत भारतीय हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांनी बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकले. मुक्तिदिन म्हणून १७ सप्टेंबरला आपण झेंडा फडकावतो, त्यामागच्या घडामोडींत ही पट्टीही येते. पुढे त्याच बीदरला हवाई दलाची प्रशिक्षणशाळा झाली आणि १९९६ मध्ये हवाई कसरतींचा सूर्यकिरण चमू तिथेच जन्मला. ज्या जमिनीवर खड्डे पाडले, तिथेच पुढच्या पिढ्या उडायला शिकल्या. बीदरचं शिक्षण लष्करी, बिरसीचं मुलकी. पण लढाईनं जे मोकळं रान निवडलं ते शेवटी नवशिक्यांच्या कामी आलं, हे दोन्हीकडे सारखं.

रसग्रहण म्हणजे नुसती स्तुती नव्हे. उणं दिसलं तर तेही सांगावं लागतं. बिरसीतलं पहिलं उणं जमिनीचं. धावपट्टी वाढली तेव्हा बिरसी गावातल्या कुटुंबांना हलावं लागलं, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळला. युद्धात जमीन घेताना कुणी विचारलं नसेल; शांततेत विचारायला वेळ होता. दुसऱ्याला माफ करणारी ही पट्टी आपल्या शेजाऱ्यांशी मात्र तितकी उदार वागली नाही.

दुसरं उणं अधिक जिव्हारी लागणारं. २६ एप्रिल २०१७ ला बिरसीहून उडालेलं एक प्रशिक्षण विमान वैनगंगेवर ताणलेल्या तारेला अडकून नदीत कोसळलं. १८ मार्च २०२३ ला दुसरं एक बालाघाटच्या डोंगरात पडलं. दोन्ही वेळा विमानातले दोघेही, शिकणारा आणि शिकवणारा, दगावले. या दोन्ही जागा धावपट्टीपासून दूर होत्या. पट्टीवर चुकलं तर दोन हजार मीटर शिल्लक असतात. नदीपात्रावर आणि डोंगरकड्याशी शिल्लक काहीच नसतं. बिरसीचा आशय चुकायला जागा देणं हा असेल, तर त्या जागेची हद्द कुठे संपते हेही याच दोन तारखा सांगतात.

पहिल्या अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी, २७ एप्रिल २०१७ ला, नांदेड-हैदराबाद विमानाला उडान योजनेत हिरवा झेंडा मिळाला. गावोगाव पेढे वाटावेत अशी बातमी होती. नांदेडच्या धावपट्टीला २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं नवं रूप मिळालं होतं. देशविदेशातून हुजूर साहिबला येणाऱ्या भाविकांसाठी ती सेवा मोलाचीच. पण तेव्हापासून नांदेड-लातूरच्या धावपट्ट्यांबद्दल आपण एकच प्रश्न विचारत आलो: विमान कधी सुरू होणार, आणि सुरू झालेलं कधी बंद पडणार? वेळापत्रकातलं विमान दिवसाकाठी पट्टीची मोजकी मिनिटं वापरतं. उरलेला दिवस पट्टी ऊन खाते. लातूरला तर धावपट्टीची आठवण होते ती पुढाऱ्यांचं विमान यायचं असलं की.

छोट्या विमानांचं शिक्षण म्हणजे मोठं विमान न मिळाल्याचं सांत्वन, असा एक समज आपल्याकडे आहे. बिरसी वाचल्यावर तो टिकत नाही. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि धाराशिव या पाच धावपट्ट्या एकत्रच भाडेपट्ट्यानं दिल्या गेल्या होत्या. त्यांतल्या बारामतीत उड्डाणशाळा रुजल्या आणि तिथलं आकाश गजबजलं. प्राधिकरणानं नव्या धोरणात जळगाव, बेळगावी आणि आपल्या शेजारच्या कलबुर्गीला उड्डाणशाळांना जागा दिली. म्हणजे वाट मळलेली आहे.

लातूरकडे तर या वाटेला लागणारं एक भांडवल आधीपासून आहे. शिकवण्यांच्या लातूर पॅटर्नसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात दरवर्षी हजारो मुलं बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घोकतात, आणि वैमानिकाच्या परवान्याला शिक्षणाची अट नेमकी तीच आहे. शुल्क लाखांत जातं हे खरं, आणि शिष्यवृत्तीशिवाय शेतकऱ्याच्या मुलीला ते झेपणार नाही हेही खरं. पण आणखी एक अडचण आहे, ती सवयीची. आमच्या शिकवण्या एका मार्कानं चुकलेल्याला मागे टाकण्यात तरबेज झाल्या आहेत. धावपट्टीची शाळा उलट चालते. तिथे चुकीची फेरी सोडून दिली, नवी धरली, तर शाबासकी मिळते.

उद्या कुणी लातूरच्या किंवा नांदेडच्या धावपट्टीचं रसग्रहण लिहायला बसलं, तर मंत्र्यांच्या आगमनाची यादी आणि सुरू-बंद झालेल्या सेवांच्या तारखा त्याला पुरणार नाहीत. तिथे किती मुलामुलींची पहिली लँडिंग वेडीवाकडी झाली आणि तरी सुखरूप पार पडली, हे त्याला लिहिता यायला हवं.